ग्रुंडिगची पट्टी, फिलिप्सचं पोट: सीडी-आय प्लेअरच्या दुर्मिळ नावांचा माग

सीडी-आय म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्क इंटरॅक्टिव्ह: नव्वदच्या दशकात फिलिप्सने आणलेली, टीव्हीला जोडून डिस्कवरचे खेळ आणि कार्यक्रम चालवायची पद्धत. तिच्या प्लेअरबद्दल आलेला प्रश्न असा आहे: "नागपुरात राहतो. फिलिप्सचे दोन सीडी-आय प्लेअर आहेत. आता हीच यंत्रं दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने निघाली ती जमवायची आहेत. जर्मनीत नातेवाईक आहेत, त्यांना तिथे एक ग्रुंडिग सीडीआय १०० दिसलाय. विकणारा म्हणतो, पॉवर येते, पुढचं माहीत नाही. तो अस्सल आहे की पट्टी बदललेला, हे कसं ओळखायचं? आणि इथे आणल्यावर चालवायचा कसा?"

"पॉवर येते, पुढचं माहीत नाही" याचा अर्थ तीनपैकी एक असतो. त्याच्याकडे रिमोट नाही, किंवा सीडी-आयची डिस्क नाही, किंवा त्याने सगळं करून पाहिलंय आणि ते चाललेलं नाही. पहिल्या दोन गोष्टी तपासायला दहा मिनिटं लागतात. साधी ऑडिओ सीडी टाकून समोरचं प्ले बटण दाबलं की लेन्स, मोटर आणि सर्व्हो (लेन्सला नेमक्या जागी धरणारं सर्किट) यांचा निकाल लागतो, त्याला रिमोट लागत नाही. विकणारा तेवढंही करायला तयार नसेल तर भाव बंद यंत्राचाच लावा.

आता नावांचं. "रीब्रँड" हा शब्द लोक तीन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तिथेच पैसे चुकतात.

पहिला प्रकार म्हणजे नुसती पट्टी बदललेली. कारखाना तोच, बोर्ड तोच, समोरचं नाव वेगळं. ग्रुंडिग सीडीआय १०० आणि ११० यात येतात. यामागचं कारणही सरळ आहे: १९८४ पासून ग्रुंडिगचा कारभार फिलिप्सच्या हाती होता, तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत राहिला. अमेरिकेतला मॅग्नावॉक्स सीडीआय २०० हाही असाच. मॅग्नावॉक्स कंपनी फिलिप्सने १९७४ मध्येच घेतली होती, म्हणजे ते घरातलंच नाव. सीडी-आयच्या बाहेर याचं उत्तम उदाहरण म्हणजे पायोनिअरचा लेझरअ‍ॅक्टिव्ह सीएलडी-ए१०० (१९९३; लेझरडिस्क आणि खेळ चालवणारा प्लेअर) आणि एनईसीच्या नावाने निघालेला त्याचा जुळा भाऊ पीसीई-एलडी१.

दुसरा प्रकार परवान्यावर स्वतः बनवलेल्यांचा. मानक तेच, पण बोर्ड, डबा, मेकॅनिझम सगळं दुसऱ्याचं. गोल्डस्टारचे जीडीआय-७०० आणि जीडीआय-१०००, सोनीचे पोर्टेबल आयव्हीओ-व्ही१० आणि व्ही११, क्योसेराचा प्रो १०००एस हे या रांगेतले. १९९५ मध्ये लकी-गोल्डस्टारचं एलजी झालं, त्यामुळे जीडीआय मालिकेत गोल्डस्टार आणि एलजी अशा दोन्ही पट्ट्या सापडतात, तो निव्वळ काळाचा फरक. थ्रीडीओ हा खेळांचा कन्सोल तर पूर्णपणे याच पद्धतीवर उभा होता. १९९३ मध्ये पॅनासोनिकचा एफझेड-१ आला, मग गोल्डस्टारचा जीडीओ-१०१एम आणि सॅन्योचा फक्त जपानसाठीचा ट्राय. यांना रीब्रँड म्हणणं चूक. सेगा सॅटर्न या कन्सोलचे हिताची हाय-सॅटर्न आणि व्हिक्टर व्ही-सॅटर्न मधल्या जागेत बसतात. यंत्र सेगाचंच, पण चालू केल्यावर पडद्यावर येणारी खूण आपापली.

तिसरा प्रकार कोंबलेला: सीडी-आयचा भाग दुसऱ्याच वस्तूच्या पोटात. बँग अँड ओलुफसेनचा बीओसेंटर एव्ही५ हा टीव्ही, फिलिप्सचाच २१टीसीडीआय३० टीव्ही, एफडब्ल्यू३८०आय ही मिनी हायफाय. यांच्या वाटेला नागपुरातून जाऊ नका. पिक्चर ट्यूबचं धूड जहाजाने आणायचं, त्याचा ईएचटी विभाग (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा) गेला की सुटा भाग शोधायचा आणि एवढं करून आतला प्लेअर फिलिप्सच्या दोनशे मालिकेतल्यासारखाच (२२० वगैरे) निघायचा.

पहिल्या प्रकारात सगळी दुर्मिळता पट्टीत असते आणि सगळा चालतेपणा बोर्डात. म्हणून खोटेपणाही पट्टीतच होतो. चालू फिलिप्सच्या पोटावर मेलेल्या ग्रुंडिगचं तोंड बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. सगळे असं फसवायला करतात असंही नाही, कोणी दुरुस्तीसाठी दोन यंत्रांचं एक केलेलं असतं. पण तुम्ही पैसे मोजताना ते तुम्हाला कळायला हवं.

ओळखायची सुरुवात मागच्या लेबलपासून. फिलिप्सच्या टाईप क्रमांकात तिरक्या रेघेनंतरचे दोन अंक नुसते शोभेचे नसतात. सीडीआय २२०/२०, २२०/४०, २२०/६० यांचं तोंड एकसारखं दिसतं, पण आतला बोर्ड वेगवेगळ्या पिढीचा. शेवटी ० असेल तर युरोपचा माल, ५ असेल तर ब्रिटनचा. बोर्डाच्या पिढ्यांना जाणकार मिनी-एमएमसी, मोनो-१ ते मोनो-४ अशा नावांनी ओळखतात. प्रोसेसर सगळीकडे ६८०००च्या घराण्यातला, बहुतेक ठिकाणी फिलिप्सची एससीसी६८०७० चिप साधारण १५ मेगाहर्ट्झवर, मुख्य मेमरी १ एमबी. पण मेकॅनिझम, मेमरीची चिप आणि मागे व्हिडिओ सीडीसाठी लागणाऱ्या कार्ट्रिजची खाच पिढीनुसार बदलते. म्हणून नोंदवहीत "फिलिप्स २२०" एवढं लिहून भागत नाही, तिरक्या रेघेसकट लिहा.

त्याच लेबलवर अनुक्रमांक असतो. फिलिप्सच्या कारखान्यातून निघालेल्या मालावर त्याची मांडणी ठरलेली आहे: आधी कारखान्याची दोन अक्षरं, मग बदलाचे दोन अंक, मग चार अंकांत वर्ष आणि आठवडा, मग सहा अंकी क्रमांक. मधले चार अंक ९३४२ असतील तर यंत्र १९९३ च्या बेचाळिसाव्या आठवड्यातलं. आता झाकण उघडा. बोर्डावरच्या मोठ्या आयसींवर अशीच चार अंकी तारीख छापलेली असते. ती लेबलच्या तारखेच्या आधीची हवी, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. लेबल ९३४२ आणि बोर्डावरची आयसी ९४२० असेल तर ते लेबल त्या बोर्डाचं नाही. पाच-सहा आयसींवरच्या तारखा लिहून घ्या, एकीवर विसंबू नका. एखादी आयसी नंतर बदललेली असू शकते, पण सगळ्याच नंतरच्या असतील तर पोट बदललेलं आहे.

समोरचा पॅनल काढून त्याची आतली बाजूही बघा. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर बऱ्याचदा एक छोटं वर्तुळ असतं, त्यात महिन्याचे आकडे, मधे बाण आणि वर्ष. ती तारीखही वरच्या दोन्हींशी जुळायला हवी. नाव पॅनलवर छापलेलं आहे की पट्टी चिकटवलेली, ते भिंगाखाली पाहा. पट्टी उचकटून पुन्हा लावली असेल तर कडेला गोंदाची पिवळी रेघ राहते. पट्टीखालचं प्लास्टिक उन्हापासून झाकलेलं असल्याने त्याचा रंग वेगळा असतो, आणि नवी पट्टी जुनीपेक्षा एखादा मिलिमीटर आखूड असली तरी ती रंगाची चौकट बाहेर डोकावते. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये ती दिसत नाही. बाजूने तिरका उजेड टाकून फोटो मागा.

एक खूण मात्र उलटी वाचू नका. आतल्या एखाद्या भागावर ४८२२ ने सुरू होणारा बारा अंकी क्रमांक दिसला, तर तो फिलिप्सचा सर्व्हिस पार्ट आहे. म्हणजे यंत्र कधीतरी अधिकृत दुरुस्तीला गेलं होतं आणि तो भाग बदलला गेला. यात लबाडी नाही, उलट अशी यंत्रं पुष्कळदा जास्त चालतात. संग्राहक याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही.

जर्मनीतल्या माणसाकडून हे फोटो मागवा: मागचं लेबल जवळून, समोरची पट्टी तिरक्या उजेडात, रिमोटची पाठ, मागची कार्ट्रिजची खाच, आणि टीव्हीवर येणारा पहिला पडदा. झाकण उघडायला तो तयार असेल तर बोर्डाचा एक फोटो बाकी सगळ्यांवर भारी. त्याच्याकडे टॉर्क्स टी-१० पेचकस लागेल, साध्या पेचकसने स्क्रूची डोकी खराब होतात.

यंत्र हातात आलं की लगेच भिंतीत लावायचं नाही. बर्डीवरच्या कुठल्याही मेकॅनिककडे असते तशी सिरीज लॅम्पची पाटी, म्हणजे यंत्राच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड, घ्या, पिवळा १०० वॅटचा बल्ब लावा आणि त्यातून पहिला सप्लाय द्या. एलईडी बल्बने हे काम होत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे: ब्रिज, मोठा कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मर. बल्ब मंद असताना यंत्र नीट चालू झालं नाही तर घाबरू नका, त्याला पूर्ण व्होल्टेज मिळत नसतं. शॉर्ट नाही याची खात्री झाली की बल्ब काढायचा.

युरोपातला माल २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झचा, तो इथे सरळ चालतो. फक्त उन्हाळ्यात लाइन वरखाली होते, तेव्हा स्टॅबिलायझर असू द्या. मॅग्नावॉक्सचा हिशेब वेगळा. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजला त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात २० टक्के जास्त चुंबकीय फ्लक्स जातो आणि तो तापतो. म्हणून त्याला १२० देऊच नका. बाजारात सहज मिळणारा २३० ते ११० चा ट्रान्सफॉर्मर घ्या, किमान १०० व्हीएचा. लाइन २५० ला गेली तर त्यातूनही १२० निघतात, म्हणून त्याच्या आधी स्टॅबिलायझर. जपानी माल १०० व्होल्टचा, त्याला ११० सुद्धा जास्त, वेगळा १०० चा टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा लागतो. इतवारीत, महालात वाइंडिंगवाले आहेत, त्यांना "१०० व्होल्ट, १ अँपिअर, वेगळी सेकंडरी" एवढं सांगितलं की पुरतं. वेगळी सेकंडरी यासाठी, की ऑटो-ट्रान्सफॉर्मरची सामाईक तार उघडली तर पूर्ण २३० पुढे जातात.

चित्राचं सोपं आहे. युरोपातला माल पाल, म्हणजे आपल्याकडचीच रंगीत चित्राची पद्धत, तो आपल्या कुठल्याही टीव्हीवर दिसतो. मागे स्कार्टचं मोठं सॉकेट असतं, ती वायर इथे शोधत बसू नका. साधी पिवळी एव्ही पिन चालते, एस-व्हिडिओ असेल तर त्याहून बरं. अमेरिकेतला माल एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीचा. तो मल्टिसिस्टिम टीव्हीवर रंगीत दिसतो, जुन्या देशी टीव्हीवर काळापांढरा किंवा वरखाली फिरणारा.

आता सगळ्यात जास्त यंत्रं ज्यामुळे "बंद" म्हणून विकली जातात तो भाग. दोनशे मालिकेतल्या बहुतेक बोर्डांवर २८ पायांची एक चिप आहे, एम४८टी०८. इतर आयसींपेक्षा ती उंच दिसते, जणू डोक्यावर काळी टोपी घातलीय. त्या टोपीत लिथियमचा सेल आणि घड्याळाचा क्रिस्टल इपॉक्सीत गाडलेला आहे. चिपमध्ये ८ केबी मेमरी, त्यातले शेवटचे आठ बाइट घड्याळाचे. सेल साधारण दहा वर्षांसाठी होता. आता तीस होऊन गेली. सेल संपला की तारीख वेडीवाकडी होते, खेळ साठत नाहीत, मेमरीत कचरा असल्याने ती भरलेली दाखवते, काही डिस्क सुरूच होत नाहीत. तपासणी सोपी: वेळ लावा, प्लग काढा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. वेळ गेली तर सेल गेला.

यावर दोन उपाय आहेत. नवी चिप बसवणं हा स्वच्छ उपाय, पण जुनीच चिप घासूनपुसून नव्या छापाने विकणारे पुष्कळ आहेत. पायांवर सोल्डरचा लवलेश दिसला, किंवा वरचा छाप थिनरच्या बोळ्याने पुसला गेला, तर परत करा. जुनी चिप काढताना ती वाचवायचा मोह सोडा. बोर्ड दोन्ही बाजूंनी तांब्याचा आहे, भोकांतून आरपार मुलामा आहे, ओढाताण केली की भोकातला मुलामा सुटून येतो आणि मग वरची तांब्याची पट्टी कुठे तुटली ते शोधत रात्र जाते. बारीक कटरने सगळे २८ पाय चिपच्या अंगालगत कापा, चिप उचला, मग सोल्डरचा फ्लक्स लावून ३५० अंशांच्या आयर्नने एकेक पाय चिमट्याने काढा. भोकं सोल्डर सकरने साफ करा. तिथे गोल पिनांचं २८ पायांचं सॉकेट बसवा. सॉकेटमुळे चिप काही मिलिमीटर वर येते, आणि ती आधीच उंच आहे, म्हणून झाकण आणि कार्ट्रिजचा सांगाडा तिला टेकत नाही ना, ते सोल्डर करण्याआधी बघा. नव्या चिपचं घड्याळ कारखान्यातून थांबवलेलं येतं. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ टाकली की चालू होतं. आधी ते न करता "नवी चिपही खराब" म्हणणारे भेटतात.

दुसरा उपाय खर्चाचा नाही, हाताचा आहे. टोपीच्या कडेचं इपॉक्सी बारीक कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने हळूहळू खरवडून सेलच्या दोन पट्ट्या उघड्या करायच्या. कुठली अधिक आणि कुठली उणे हे अंदाजाने ठरवू नका. मेलेल्या सेलमध्येही थोडं व्होल्टेज उरलेलं असतं, मल्टीमीटरने ते मोजून खूण करा. नंतर जुन्या सेलची जोडणी तोडायची. ही पायरी लोक गाळतात, मग नवा सेल जुन्याला पाजत बसतो आणि काही दिवसांत तोही आटतो. चिपकडे जाणाऱ्या टोकांना दहा-पंधरा सेंटिमीटरच्या वायर, पलीकडे सीआर२०३२ चा होल्डर, आणि तो होल्डर ट्रान्सफॉर्मरपासून लांब चिकटवा. इपॉक्सीची भुकटी नाकात जाते, मास्क लावा आणि चिप बोर्डावर असताना खरवडत असाल तर भोवताली टेप लावून झाका.

पोर्टेबल यंत्रांत ही चिप नसली तरी वेगळं दुखणं असतं. त्यांच्यात पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे ॲल्युमिनियमचे कंडेन्सर आहेत, नव्वदच्या सुरुवातीचे. ते गळतात, मासळीसारखा वास येतो, खालच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. लेझरअ‍ॅक्टिव्हही याच रोगाने मरतात, पायोनिअर असो की एनईसी. असं यंत्र "आधी चालवून बघू" म्हणून चालवायचं नसतं. आधी गळका माल काढा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवा, १०५ अंशांचे कंडेन्सर बसवा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त.

लेन्सकडे वळू. जुन्या पिढीत स्विंग-आर्म आहे, म्हणजे लेन्स सरळ रुळावर न जाता घड्याळाच्या काट्यासारखी कमानीत फिरते. सीडीएम-९ हे त्यातलं. नंतरच्या यंत्रांत रुळावर सरकणारं सीडीएम-१२ आलं. स्विंग-आर्म चिवट आहे, घासणारे भाग कमी. सीडीएम-१२ मध्ये मोटर आणि प्लास्टिकचे दाते आधी जातात. तेव्हा एकाच मॉडेलची दोन यंत्रं समोर असतील आणि भाव सारखा असेल तर जुन्या पिढीचं घ्या, तिथे लोक बरोबर उलटं करतात.

लेन्स पुसायला ९९ टक्के आयपीए, कापसाची काडी, एकच थेंब, दाब अजिबात नाही. मेकॅनिकच्या टेबलावरचं थिनर किंवा पेट्रोल चालत नाही, प्लास्टिकची लेन्स धुरकट होते ती कायमची. ट्रे बाहेर येत नसेल तर बहुधा बेल्ट. नवा बेल्ट मोजायचा तर दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी घ्या आणि त्याहून पाच ते सात टक्के आखूड परिघाचा बेल्ट निवडा. फार घट्ट घेतलात तर ट्रेची मोटर ताणून जाईल. जुना बेल्ट वितळून पुलीवर डांबरासारखा बसला असेल तर तो आधी आयपीएने पूर्ण काढा, नाहीतर नवाही त्यावर घसरेल. दात्यांवरचं कडक झालेलं ग्रीस काढून तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं.

ऑडिओ सीडी छान वाजते पण सीडी-आयची डिस्क अडखळते, अशी तक्रार असेल तर लेन्सला लगेच दोष देऊ नका. दोन्ही एकाच वेगाने फिरतात. फरक असा, की सीडी-आयवरच्या चित्र-आवाजाच्या सेक्टरमध्ये, ज्यांना फॉर्म २ म्हणतात, चुका दुरुस्त करणारा जादा थर नसतो. तिथे २,३२४ बाइट सरळ मजकुराचे. प्रोग्रॅमच्या सेक्टरमध्ये तो थर असतो. म्हणून डिस्क ओरखडलेली असली की आधी चित्र फुटतं, खेळ मात्र चालू राहतो. खेळच सुरू होत नसेल तर घड्याळाची चिप आणि मेमरी बघा. कॉपी केलेली डिस्क वापरायची तर सीडी-आर चालते, सीडी-आरडब्ल्यू नाही. तिचा परावर्तित उजेड दाबलेल्या डिस्कच्या चौथाईच्या आसपास असतो, या लेन्सना तो पुरत नाही.

व्हिडिओ सीडी बघायची तर मागच्या खाचेत डिजिटल व्हिडिओ कार्ट्रिज हवं. मोठ्या खाचेचं २२ईआर९१४१, नंतरच्या छोट्या खाचेचं २२ईआर९९५६, ही दोन एकमेकांत बसत नाहीत. कार्ट्रिजमध्ये एमपीईजी-१ चा डीकोडर तर असतोच, शिवाय जादा मेमरी असते, म्हणून काही खेळही त्याच्याशिवाय सुरू होत नाहीत. कार्ट्रिजसकट मिळणारं साधं फिलिप्स आणि कार्ट्रिजशिवायचं ग्रुंडिग एका भावात असतील, तर ग्रुंडिग घेताना कार्ट्रिज वेगळं विकत घ्यावं लागेल हे धरून चला. आपल्याकडच्या सिनेमाच्या काही व्हीसीडी तरीही लागत नाहीत. नियमाप्रमाणे व्हीसीडीवर सीडीआय नावाचं फोल्डर आणि त्यात छोटा प्रोग्रॅम असायला हवा, स्वस्तात छापणाऱ्यांनी तो गाळला की सीडी-आयला काय करायचं ते कळत नाही. संगणकात डिस्क टाकून फोल्डर आहे का ते बघा, यंत्र खोलू नका.

रिमोट नसेल तर समोरच्या बटणांवर ऑडिओ सीडीपलीकडे जाता येत नाही, पडद्यावरचा बाण हलवायला काहीतरी लागतंच. तारेचा कंट्रोलर आठ पिनांच्या छोट्या गोल सॉकेटमध्ये जातो आणि १२०० बॉडच्या सिरीयल सिग्नलवर बोलतो, जुन्या संगणकाच्या सिरीयल माउससारखाच. म्हणून ज्याला थोडं इलेक्ट्रॉनिक्स येतं तो छोट्या मायक्रोकंट्रोलरवर अडॅप्टर बनवू शकतो. ग्रुंडिगच्या नावाचा रिमोट संग्रहासाठी जपा, वापरायला हे ठेवा.

नागपूरचा उन्हाळा हा या छंदाचा खरा शत्रू. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तिथे ठेवलेल्या यंत्राचा बेल्ट एका मोसमात वितळतो. खालच्या खोलीत, भिंतीपासून सुटं, लाकडी फळीवर ठेवा. डेझर्ट कूलरच्या झोतात तर कधीच नको. कूलर पाण्याचे बारीक कण आणि त्यातला क्षार फेकतो, लेन्सवर पांढरट पापुद्रा चढतो आणि कनेक्टर हिरवे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये डब्यात सिलिका जेल टाका आणि महिन्यातून एकदा अर्धा तास डिस्क फिरवा.

शेजारी या छंदाची एक देशी शाखाही उघडी आहे आणि ती फार स्वस्त आहे. १९९३ मध्ये चीनमध्ये वानयान कंपनीचा पहिला व्हीसीडी प्लेअर सी-क्यूबच्या चिपवर आला. त्यानंतर तयार किट घेऊन डबा आणि पट्टी आपली लावणारे असेंबलर आपल्याकडेही भरपूर झाले. त्यांची नावं कोणी नोंदवून ठेवलेली नाहीत. इतवारीच्या भंगारात असा डबा दिसला तर नावाला भुलू नका, आत बघा. डीकोडर ईएसएसचा (ईएस३२१० आणि ईएस३२०७ ची जोडी, किंवा नंतरची ईएस३८८०), की सी-क्यूबचा सीएल४८४ किंवा सीएल६८०? लेन्स सोनीची केएसएस-२१३ की सॅन्योची एसएफ-पी१०१? तीन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकच बोर्ड निघाला की तो एक गट झाला. यातली पिकअप (लेन्स आणि लेझरचा संच) नवी घेतलीत तर तिच्या सर्किटच्या पट्टीवर सोल्डरचा एक छोटा ठिपका असतो, स्थिर विजेपासून लेझर वाचवायला केलेला शॉर्ट. जोडणी झाल्यावर तो काढावा लागतो. तो न काढता "लेन्स डेड आली" म्हणून परत केलेली पिकअप कितीतरी.

आता तुमच्या ग्रुंडिगचा निर्णय. लेबलवरची आणि आयसींवरची तारीख जुळली, ऑडिओ सीडी वाजली, तर घड्याळाची चिप मेलेली धरून भाव करा आणि घ्या. तारखा जुळत नसतील तर ते यंत्र सुट्या भागांसाठी घ्यायचं का एवढाच प्रश्न उरतो, आणि तुमच्याकडे दोन फिलिप्स आहेतच. कुरिअरने वापरलेला माल मागवण्यात अडचण आहे: आयात धोरणात भांडवली यंत्रं सोडून इतर जुना माल निर्बंधित आहे, परवाना लागतो. त्यामुळे नातेवाईक येतील तेव्हा त्यांच्या सामानात आणण्याबद्दल आधी कस्टमकडून नियम विचारून घ्या. पॅक करताना ट्रेमध्ये डिस्क ठेवायची नाही, ट्रे बंद करून बाहेरून टेप लावा, कार्ट्रिज खाचेतून काढून वेगळं गुंडाळा. आतला खोका, मग सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर फोम, मग बाहेरचा खोका. समोरची पट्टी फोमला थेट टेकू देऊ नका. मधे साधा बटर पेपर घाला, फोमचा रंग छपाईला लागतो.